तारीख काय, कागद कुठाय

तहसील कचेरीच्या गेटसमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, चौदा-पंधरा वर्षं होत आली. दुकान म्हणजे दहा बाय आठचा गाळा, उन्हाळ्यात दुपारी हमखास कागद खाणारं एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं मशीन आणि बाहेर लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर बसून तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी मला आपापली भांडणं सांगितलीत. बांध कोरला, विहिरीचं पाणी अडवलं, सुनेनं घर सोडलं, मुलगा बघत नाही, बँकेची नोटीस आली. मी टाईप करता करता ऐकायचे आणि ऐकता ऐकता सल्लाही द्यायचे. "ह्याला काय होत नसतंय, ४२० टाका" असं ठोकून द्यायचे. लोक मान डोलवायचे. बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या बाईला दुसरं काय पाहिजे!

त्यामुळे २०१८ साली कळलं की तालुका विधी सेवा समितीला पॅरा लीगल व्हॉलंटियर घ्यायचेत, तेव्हा मला वाटलं हे तर आपण रोज करतोच, आता फक्त गळ्यात ओळखपत्र येईल. अर्ज केला. मुलाखतीला जज्जमॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, दुकानात अर्ज लिहायचे पैसे घेता ना? मग व्हॉलंटियर झाल्यावर तोच माणूस तुमच्याकडे आला तर काय करणार?" मला उत्तर सुचेना. म्हणलं, मॅडम, घरातलं माणूस आलं तरी झेरॉक्सचे दोन रुपये घेते मी. त्या हसल्या आणि मला घेतलं, पण तो प्रश्न तिथंच राहिला, नंतर कामाला आला, सांगते पुढे.

आधी हे पीएलव्ही म्हणजे काय ते सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं आम्ही अर्धे वकील. तसं नाहीये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणून दर ९ नोव्हेंबरला कोर्टात विधी सेवा दिन असतो, रॅली निघते, शाळेची पोरं घोषणा देतात. त्या कायद्याखाली गरिबांना मोफत वकील मिळतो, आणि नुसत्या गरिबांना नाही, बाईला मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. तसंच लहान मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतला माणूस, कारखान्यातला कामगार. हे गावात कोणाला माहीतच नसतं, आणि माहीत असलं तर विश्वास नसतो, "फुकटचा वकील कसला भांडणार" म्हणतात. मग २००९ साली नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, योजना काढली की गावातलीच माणसं तयार करायची, जी लोकांना कोर्टाच्या ह्या दारापर्यंत आणून सोडतील. दारापर्यंतच. आत बोलायचा हक्क आम्हाला नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ प्रमाणे वकिलीची सनद नसताना कोर्टात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, हे ट्रेनिंगच्या पहिल्याच तासाला सांगितलं, आणि सांगताना वकीलसाहेब माझ्याकडेच का बघत होते देव जाणे.

ट्रेनिंग जिल्ह्याच्या कोर्टात, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. पहिला पाऊण तास सत्कारात गेला, तो जायचाच. गुलाबपुष्प, दीपप्रज्वलन, पंख्याच्या वाऱ्याने तीनदा विझलेली समई, मग पोहे आणि चहा. आमची बॅच म्हणजे जत्रा. दोन अंगणवाडी सेविका, एक आशाताई, रिटायर झालेले गुरुजी, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर काका, लॉ कॉलेजची तीन पोरं जी मागच्या बाकावर मोबाईल बघत होती, आणि मी. संविधान, कौटुंबिक कायदे, बालकांचे कायदे, कामगार, जमीन, माहितीचा अधिकार, सगळं काही दिवसांत. दुपारी जेवणानंतर बालन्यायचं सेशन होतं, त्यातलं मला काही आठवत नाही, डुलकी लागली होती, खोटं कशाला बोलू.

पण एक सेशन अजून डोळ्यासमोर आहे. नाटक करायचं होतं. एका अंगणवाडी ताईने नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई व्हायचं, मी पीएलव्ही. ती आली, रडतच आली, भारी ॲक्टिंग. मी एका मिनिटात सगळं सांगून टाकलं. छळाचं ४९८ अ टाका, १२५ खाली पोटगी मागा, कौटुंबिक हिंसाचारचीही केस करा. मागच्या बाकावरच्या पोरांनीसुद्धा मान वर केली. मला वाटलं आता टाळ्या पडणार.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवमॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही बाईला बसा म्हणालात का?"

हॉल गप्प.

"मारहाण कधी झाली विचारलंत? आज, का मागच्या वर्षी? रात्री ती कुठे झोपणार विचारलंत? तिचे कागद, पोराचं आधार, दागिने, कुठे आहेत? तिला नवरा आत जायला पाहिजे आहे, की तिला घरात परत जायला पाहिजे आहे?"

त्या अंगणवाडी ताईला विचारलं तर ती म्हणाली, मला घरात राहायचंय, पोराची शाळा तिथंच आहे. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात नेमकं तेच आहे, सासरच्या घरात राहायचा हक्क, घर कोणाच्याही नावावर असलं तरी. संरक्षण अधिकारी अहवाल भरतो, मॅजिस्ट्रेट आदेश देतो की हिला घराबाहेर काढायचं नाही. मी तिला तीन कलमं दिली होती आणि तिला पाहिजे होतं ते एकच, ते माझ्या यादीत तिसरं होतं आणि तेही अर्धवट.

मॅडमनी मग फळ्यावर काही लिहिलं नाही, पीपीटी बंदच ठेवली. म्हणाल्या, माणूस आला की पहिली दोन वाक्यं पाठ करा. तारीख काय. कागद कुठाय. कलम वकील बघेल. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तेवढंच आहे, बाकी वही नंतर रद्दी झाली ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी जमिनीचं सेशन, आणि तिथं माझी खरी झोप उडाली. शिकवायला एक म्हातारे वकील होते, महसुलाची कामं करणारे, आवाज बारीक पण हातात सातबारा असा धरायचे जसा पुजारी पंचांग धरतो. ते सांगत होते की बाप वारला की मुलगी पहिल्या वर्गातली वारस, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे, वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने मुलीला १९९४ ला हक्क दिला, केंद्राने २००५ ला. मग वारसांच्या नोंदीत बहिणींची नावं का नसतात? कारण भाऊ एक कागद घेऊन येतो. शंभराच्या स्टॅम्पवर, "आम्हा बहिणींची काही हरकत नाही, आमचे नाव लावू नये." अशा कागदाने हक्क जात नाही, वकीलसाहेब म्हणाले. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोड पत्र रजिस्टर व्हायला लागतं, १९०८ चा नोंदणी कायदा, कलम १७. पण गावात तो कागद चालतो, फेरफार होतो, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलतात, बहिणीला वाटतं आपलं संपलं, आणि वर्षं जातात.

आणि मग ते म्हणाले, "हे कागद कोण लिहून देतं? कचेरीसमोरचे टायपिंगवाले."

मी माझ्या पायातल्या चपलेकडे बघत बसले. माझ्या कॉम्प्युटरमध्ये त्या नावाची फाईलच होती हो. संमतीपत्र_बहीण. नाव बदलायचं, गट नंबर बदलायचा, प्रिंट. पन्नास रुपये. किती काढली असतील, मोजली नाहीत, मोजायची हिंमत नाही झाली. कधी त्या बायका बाकड्यावर बसलेल्या असायच्या, डोक्यावर पदर, भाऊ सांगेल तिथं अंगठा नाहीतर सही. मी त्यांना पाणी द्यायचे. कागदात काय लिहिलंय ते कधी वाचून दाखवलं नाही, त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

घरी येऊन ती फाईल डिलीट केली, मग रिसायकल बिनमधूनही काढली. त्याने काय होणार होतं, प्रिंट तर तालुकाभर पसरलेले.

दुसरी गोष्ट स्टॅम्पची, ही जरा गमतीची. जातीच्या दाखल्याला, उत्पन्नाच्या दाखल्याला, कोर्टात, सरकारी ऑफिसात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही, २००४ सालीच शासनाने तो माफ केलाय. साध्या कागदावर चालतं. मी वर्षानुवर्षं लोकांना शेजारच्या वेंडरकडे पिटाळत होते, "आधी शंभरचा स्टॅम्प घेऊन या." ट्रेनिंगहून आल्यावर दुकानात कागद चिकटवला, प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागत नाही. शेजारचे काका दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. चहा वेगवेगळा. नंतर २०२४ ला शंभरचे पाचशे झाले तेव्हा लोकांची बोंबाबोंब झाली आणि माझ्या त्या पिवळ्या पडलेल्या कागदाचे लोक फोटो काढायला लागले. तरी खिडकीवरचा माणूस स्टॅम्प मागतोच कधी कधी, आणि लोक देतातच, पाचशे गेलेले परवडले पण हेलपाटा नको.

माझी मामेबहीण कॅनडात, टोरंटोच्या बाजूला असते, तिनेही पॅरालीगलचा कोर्स केलाय. व्हिडिओ कॉलवर मी तिला मोठ्या अभिमानाने ओळखपत्र दाखवलं तर ती म्हणाली, अगं आमच्याकडे लायसन्स असतं, ओंटारिओत २००७ पासून लॉ सोसायटीच देते, ती लहान दाव्यांच्या कोर्टात स्वतः उभी राहते, फी घेते, आणि दर वर्षी बारा तास शिक्षण सक्तीचं, त्यातले तीन तास नुसते कसं वागायचं ह्याचे, नाही केलं तर लायसन्स लटकतं. मी म्हणलं आमचं पुढचं शिक्षण म्हणजे महिन्याची मीटिंग आणि व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात सकाळी शुभ सकाळ, दुपारी एखादा सर्क्युलरचा धूसर फोटो आणि रात्री कंडक्टर काकांचे विनोद. ती हसली. पण ते तीन तास वागण्याचे, ते मला आवडलं. आपल्याकडे बाईला बसा म्हणायचं हे शिकवायला एक सेशन नाटकाचं झालं तर झालं.

त्या मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर मी हळूहळू काढलं. आठवड्यात ज्या दिवशी कोर्टात माझी ड्युटी असते, त्या दिवशी दुकान भाचा बघतो. विधी सेवेचं काम तिथं टेबलावर, दुकानात फक्त टायपिंग. दुकानात कोणी विचारलं की काय करावं, तर मी सांगते, कोर्टात त्या टेबलावर या, तिथं फुकट आहे, नाहीतर १५१०० ला फोन करा. धंदा थोडा कमी झाला. घरच्यांनी दोन शब्द ऐकवले, मानधन मिळतं ते दिवसाचं, ते पण कधी येईल तेव्हा. असो.

टेबलावर काम काय, तर बहुतेक वेळा पोच. हसू नका. लोक अर्ज करतात, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेत नाहीत. "दिलाय की साहेबाच्या हातात." कधी? "पेरणीच्या आधी." कोणाकडे? "ते चष्मेवाले होते." आता हा अर्ज दिला हे कुठल्या जन्मी सिद्ध होणार! माहितीच्या अधिकारात तीस दिवसांत उत्तर द्यायचं, उत्तर आलं नाही तर अपील, हे सगळं मोजायचं कुठून, तर त्या आवक शिक्क्यावरच्या तारखेपासून. म्हणून मी दोन प्रती काढायला लावते, आवक टेबलावर उभं राहायला शिकवते, शिक्का मारेपर्यंत हलायचं नाही, तिथला माणूस जेवायला गेला तर बाकड्यावर बसा. अंगणवाडी ताई मला पोचवाली म्हणते.

मग २०२४ आलं. १ जुलैपासून आयपीसी, सीआरपीसी, एव्हिडन्स ॲक्ट तिन्ही गेले, भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम आले. आमचं रिफ्रेशर ट्रेनिंग लागलं, परत तोच हॉल, परत समई. हातात तक्ता दिला, डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. गुरुजींनी सहा वर्षं घोकून कलमं पाठ केली होती, ते अक्षरशः कपाळाला हात लावून बसले. ४९८ अ आता ८५. ३०२ आता १०३. चारशेवीस, जी आपल्या भाषेत शिवी झालीय, ती आता ३१८ चं पोटकलम चार, आता एखाद्याला तीनशेअठरा-चार कसं म्हणणार? आणि सगळ्यात भारी १४४. दंगल झाली की १४४ लागू, हे लहान पोराला माहीत. नव्या कायद्यात जमावबंदी गेली १६३ ला, आणि १४४ वर कोण येऊन बसलंय तर पोटगी! कंडक्टर काका म्हणाले, म्हणजे आता १४४ लागलं की नवऱ्यांनी घराबाहेर पडायचं नाही. सचिव आता दुसरे होते, तेही हसले.

पण गंमत पुढे आहे. मी विचारलं, जुनी वही फेकायची का साहेब? तर म्हणाले नाही, गुन्हा ३० जूनला घडला असेल तर जुनंच कलम, १ जुलैला घडला तर नवं. मग पहिलं काय विचारायचं? आमच्या २०१८ च्या बॅचने एका सुरात सांगितलं, तारीख काय. नवीन पोरं बघतच राहिली.

आणि त्याच जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले, तेही १ जुलैपासून. दुकानासमोर ही गर्दी, बाकडं मोडलं, झेरॉक्स मशीन दोनदा बंद पडलं. त्या गर्दीत एक मावशी आली, साठीच्या आसपासची, वेणी पांढरी, हातात बाजाराची पिशवी, पिशवीत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद. आधार शोधताना तिने सगळे कागद टेबलावर काढले, आणि त्यात एक घडीचा झेरॉक्स होता, तो फॉन्ट मी झोपेत ओळखीन. संमतीपत्र. खाली अंगठा. वर तारीख, २०१३.

मी फॉर्म भरून दिला. गर्दी ओसरेपर्यंत तिला बसवलं, भाच्याला चहा सांगितला. विचारलं, मावशी, हा कागद कसला माहितीय का? म्हणाली, भावानं दिला होता, जपून ठेव म्हणाला. कागदाने काय झालं माहितीय? "माझं नाव उडालं ना तेनं?" म्हणाली, अगदी सहज, जणू पावसानं छप्पर उडालं. मग मी सांगितलं, नाव उडालंय पण हक्क उडालेला नाही, असं वकील सांगतात. आणि हेही सांगितलं, मावशी, हा कागद मीच टाईप केलेला.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "तू पाणी दिलं होतंस तवा."

हे प्रकरण मी स्वतः हातात घ्यायचं नाही एवढी अक्कल ट्रेनिंगने दिली होती. माझाच कागद, मीच कशी मदतीला बसू! तिला गुरुजींकडे दिली, गुरुजींनी अर्ज करून मोफत वकील मिळवून दिला. वकील ताईंनी कागद बघून नीट सांगितलं. फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपील, मुदत साठ दिवसांची, इथं अकरा वर्षं गेलीत, म्हणजे विलंब माफीचा अर्ज लागेल, कधी कळलं, का उशीर झाला, सगळं सांगावं लागेल. नाहीतर दिवाणी दावा, वाटपाचा. नाहीतर भावाला बोलावून समझोता, लोकअदालतीत, तिथं झालं तर तो हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. तीन वाटा. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माहेर तुटंल."

वकील ताई गप्प झाल्या. गुरुजी गप्प झाले. कुठल्याच ट्रेनिंगमध्ये ह्यावर सेशन नव्हतं. मला वाटत होतं हिला समजवावं, दाव्याला तयार करावं, माझ्या मनावरचं ओझं तरी उतरेल. आणि तिथंच मला ते नाटक आठवलं, बाईला काय पाहिजे विचारलंत का. मी काही बोलले नाही. ओझं माझं होतं, जमीन तिची होती, माहेरही तिचंच.

पाच-सहा महिने ती आली नाही. रक्षाबंधन गेलं, दिवाळी गेली. संक्रांतीनंतर बाजाराच्या दिवशी आली, एकटीच. दावा नाही म्हणाली. अपील पण आत्ताच नाही. पण त्या नोंदीची नक्कल तेवढी काढायची आहे, फेरफाराची, सही-शिक्क्याची. कशाला, तर म्हणाली, "बघायचं हाय, माझं नाव नसल्यालं कसं दिसतंय." गुरुजींनी अर्ज लिहिला, दोन प्रती. ती एकटीच आत गेली, मी गेटमधून बघत होते, आवकच्या खिडकीसमोर पिशवी पायात धरून उभी. तिथला माणूस काहीतरी म्हणाला, बहुतेक उद्या या म्हणाला असणार. ती हलली नाही. वीस मिनिटांनी बाहेर आली आणि दुसरी प्रत माझ्यासमोर ठेवली, निळा शिक्का, वाकडा लागलेला, पण तारीख स्पष्ट.

म्हणाली, हे लॅमिनेशन कर.

म्हणलं मावशी, असल कागद लॅमिनेशन करत नाहीत, उद्या कोर्टात लागला तर पंचाईत.

"कर की. भिजंल."

शेवटी मी त्याचा झेरॉक्स काढला, रंगीत, शिक्का निळाच यावा म्हणून, आणि तो लॅमिनेट केला. असल प्रत तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत त्या २०१३ च्या कागदाच्या वर ठेवली. लॅमिनेशन अजून गरम होतं, तिने ते पदरात धरून फुंकर मारली. वीस रुपये काढून टेबलावर ठेवले. दुकानाचा दिवस होता, विधी सेवेचा नव्हता, तरी मी घेत नव्हते. तिने ते झेरॉक्स मशीनच्या झाकणाखाली सरकवले आणि बस पकडायला गेली.